लेकरांच्या घरची बंदूक

बंदुकीच्या दुकानात बंदुका फारशा विकल्या जात नाहीत, गोष्टी मात्र साचत जातात. किराणा दुकानात माणूस उभ्या उभ्या येतो, पुडी घेतो, जातो. आमच्याकडे आला की मिस्त्री त्याची बंदूक खोलतो, नळीतून चिंधी फिरवतो, तेल देतो, आणि तेवढा वेळ माणसाला बाकावर बसावंच लागतं. हातात बंदूक नाही, करायला काम नाही, मग तो बोलतो. आधी डुकरांबद्दल, मग धानाबद्दल, मग घरच्यांबद्दल. गाडी घरच्यांपाशी पोचली की मी चहा सांगते.

महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, बालाघाटात, हे दुकान माझ्या मालकांनी उघडलं. ते गेले तेव्हा "चौथी शिकलेली बाई बंदुकीचं दुकान काय चालवणार" असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यातले बरेच आता नाहीत. दुकान आहे. कायद्याचं पुस्तक हिंदीत होतं, आणि ती हिंदी अशी की हिंदी बोलणाऱ्यालाही परकी वाटावी. ओळीखाली बोट ठेवून वाचली. त्यातलं मला सर्वांत पटलेलं सांगते: एकवीस वर्षं पुरी न झालेल्याच्या हाती बंदूक द्यायची नाही, त्याला विकायची नाही, आणि घरात असेल तर भलत्याच्या हाती लागणार नाही अशा बंदोबस्तात ठेवायची. याला मी दुकानाचं एक कलम जोडलं. ज्या घरात लेकरू, त्या घरची बंदूक कुलपात आणि काडतुसं दुसरीकडे. नाहीतर माझ्याकडून काडतूस नाही. हे कलम दिल्लीचं नाही, माझं आहे. त्यावर अपील चालत नाही.

*

लेकरांना दुकानाच्या आत घेत नाही. त्यांच्यासाठी बाहेरची पायरी आणि पेपरमिंटची बरणी.

एकदा एक ठेकेदार पोराला घेऊन आला. पोराचा वाढदिवस. नवा कोट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग.

"काकू, याच्या हातात एकदा बंदूक द्या. फोटो काढतो, स्टेटसले ठेवतो. काडतूस थोडीच भरायचं हाय."

"वय किती याचं?"

"दहा पुरे झाले आज."

"मंग अकरा वर्षांनी आणा."

ठेकेदार हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला. "तुम्ही तं सिरियस झाल्या, काकू."

"बंदुकीच्या दुकानात दुसरं काय व्हायचं, भाऊ?"

पोरगं पायरीवर पेपरमिंट चघळत होतं. त्यानं बोटं मोजली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "आजी, तवापर्यंत तुम्ही असाल काय?"

बापानं त्याचा कान धरला. मी म्हटलं, "सोडा त्याचा कान. असीन रे. तुह्यासाठी थांबतो."

आता दर वाढदिवसाला तो सायकलवरून येतो. बंदूक मागत नाही, काही नाही. एक पाय पायरीला टेकवतो, आत डोकावतो, "आहात ना?" म्हणतो आणि निघून जातो.

*

भरवेलीला माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवाचा मामा खाणीवरचा रिटायर पहारेकरी. वरातीत बंदूक खांद्यावर घेऊन नाचत होता. वरातीत गोळी चालवायला बंदी आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. बँडच्या पुढं लेकरांचा घोळका, विझलेले फटाके वेचण्यात गुंग.

मी जाऊन म्हटलं, "मामा, पायात लेकरं हायेत."

"काकू, मी हवेत मारतो."

"हवेत गेलेली गोळी हवेतच राहते काय? तिचं घर हाय तिथं?"

मामा ऐकेना. मैत्रीण ओवाळणीचं ताट घेऊन मांडवाच्या दारात उभी. मी ताट तिच्या हातातून घेतलं. "बंदूक रिकामी झाल्याशिवाय ओवाळणं नाही." बँड थांबला. सगळी वरात माझ्याकडे पाहू लागली. पाहू दे. मी काही नवरी नव्हते लाजायला.

शेवटी घोडीवरून नवरदेवच बोलला. "मामा, देऊन टाका ना. घोडी बी घाबरून राह्यली अन् मी बी."

मामानं काडतुसं काढली. मी पदर पुढं केला, गाठ मारली, कमरेला खोचली आणि तशीच पंगतीला बसले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझा पदर एका बाजूनं ओढल्यासारखा दिसतो. दुकानात येऊन गाठ सोडली तेव्हा आमचे गफूर मिस्त्री म्हणाले, "बाई, लोकं लग्नातून ओटीत नारळ आणतात."

दुसऱ्या दिवशी मामा आपली काडतुसं मागायला आला. एकट्यानं यायची हिंमत झाली नाही. बहिणीला घेऊन आला.

*

इलेक्शन लागली की लायसनच्या बंदुका जमा करायचा हुकूम निघतो. कोणी ठाण्यात जमा करतो, कोणी आमच्यासारख्या दुकानात. त्या दिवसांत आमच्या बाकावर पुरुषांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. एक गृहस्थ दरवेळी स्वतःची शाल बंदुकीला गुंडाळून आणतात, शाल तिच्यावरच ठेवतात आणि कुडकुडत घरी जातात.

पण खरं पाहायचं तर त्यांच्या सुनांकडे पाहावं.

मंगला ही रामपायलीजवळच्या एका गावची सून. आशा कार्यकर्ती आहे. नवरा नागपूरला कंपनीत, घरी म्हातारा सासरा आणि बालवाडीत जाणारी चिमी. सासरा म्हणजे दौलतभाऊ, माझ्या मालकांचे दोस्त. धानात डुकरं शिरतात म्हणून त्यांच्याकडे बंदूक. ती बैठकीच्या भिंतीवर खुंटीला टांगलेली, काडतुसांची पिशवी त्याच खुंटीला. मंगला कामाला गेली की घरात उरतात म्हातारा, चिमी आणि ती बंदूक.

बंदुका जमा झाल्या होत्या त्या दिवसांत मंगला मीटिंगसाठी बालाघाटला आली आणि दुकानात डोकावली.

"काकू, हे इलेक्शन झाल्यावर मंग कोणती असते?"

"लोकसभा येईल. मंग पंचायत, नगरपालिका."

"अन् मधात?"

"मधात काही नाही."

ती विचारात पडली. "सोसायटीची होते ना? त्यात नाही करत काय जमा?"

गफूर मिस्त्री हसले. मी हसले नाही. तिच्या लक्षात आलं तशी ती बरणीच्या झाकणाशी चाळा करत म्हणाली, "बंदूक घरी नसली की मी मोकळ्या मनानं कामाले जातो, काकू. नाहीतर बीपी लोकायचं मोजतो अन् वाढते माह्यं."

त्या दिवसापासून माझा जीव त्या खुंटीला अडकला.

*

इलेक्शन सरली. दौलतभाऊ बंदूक घेऊन गेले आणि धान पोटरीवर, लोंब्या धरायला आल्यावर काडतुसांसाठी आले.

"वहिनी, डुकरांनी बांध उकरून टाकला."

"बंदुकीले कुलूप लावलं काय?"

"खुंटीले हाय. उंच हाय."

"मी उंची नाही विचारली."

दौलतभाऊ दुखावले. "माह्या बापानं बी त्याच खुंटीले लटकवली होती. मी लहानाचा मोठा झालो, कधी हात नाही लावला. बापाचा धाक होता."

"चिमीले तुमचा धाक हाय काय?"

खोटं बोलता येत नाही या माणसाला. "नाही," म्हणाले. "मलेच तिचा हाय."

काडतुसं दिली नाहीत. ते रागानं उठले ते सरळ गोंदियाच्या गाडीत बसले. माझ्याकडे मिळत नाहीत तर महाराष्ट्रात मिळतील. तिथल्या दुकानदारानं लायसन पाहिलं, त्यावरची जिल्ह्याची हद्द दाखवली आणि हात जोडले. संध्याकाळच्या गाडीनं दौलतभाऊ परत माझ्याच बाकावर.

"गोंद्याचा तो बी तुमचाच कोणी हाय काय, वहिनी?"

"नाही. तो बी वाचून पाहाते."

चहा प्याले. काडतुसं मागितली नाहीत, मी दिली नाहीत. जाताना पायरीवरच्या बरणीतून चिमीसाठी पेपरमिंट तेवढी उचलली. मला बरं वाटायला हवं होतं, पण घरी जुनी चार-दोन काडतुसं उरलेली असणार हे मला माहीत होतं.

*

मधे दिवाळी आली. त्या दिवाळीला प्लास्टिकच्या पाईपात कार्बाइडचा खडा आणि पाणी घालून उडवायची बंदूक पोरांच्या हाती लागली होती. आपल्या प्रदेशात कितीतरी लेकरांचे डोळे त्यात पोळले, बंदी आली. पण बंदी ऑफिसात येते आणि पाईप गल्लीत असतो. मी पोतं घेतलं आणि गल्लीत निघाले.

"आजी, हे बंदूक नाही. पाईप हाय."

"आवाज होते?"

"हौ."

"समोरून काय निघते?"

"जाळ."

"मंग याले काय रंगपंचमीची पिचकारी म्हणू? टाक पोत्यात."

पोतं भरलं. मी समाधानानं घरी येऊन बसते न बसते तोच शेजारची बाई दारात. साडी वर खोचलेली, पाय ओले.

"काकू, आमचा पाईप आणला काय तुम्ही? बेसिनखालचा होता. भांड्यायचं पाणी सरळ पायावर येऊन राह्यलं."

तिच्यामागून दुसरी, दुसरीच्या मागून तिसरी. सगळ्या गल्लीची बेसिनं गळत होती. सकाळी ओट्यावर पोतं रिकामं केलं. बायका आपापला पाईप शोधू लागल्या. एकीनं तर वास घेऊन ओळखला. पोरं लांब उभी राहून पाहत होती. त्यांना माझी भीती नव्हती. आता आपल्याला घरी नेणार आहेत, याची होती.

*

कार्तिकात रामपायलीची जत्रा भरते. देवदर्शन झालं आणि मी दौलतभाऊंच्या गावाकडे वळले. काडतुसं न देणं सोपं असतं. खुंटी डोळ्यांनी पाहावी म्हटलं.

दौलतभाऊंनी आनंदानं बसवलं. मंगलानं चहा टाकला. चिमी माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग दौलतभाऊंना मला नातेवाईकांचा कसला तरी फोटो दाखवायचा होता. त्यांनी खिसे चाचपले.

"माय, चष्मा कुठी हाय माहा?" ते नातीला माय म्हणतात.

"खुंटीले." चिमी उठली. भिंतीला लागून गेल्या सालच्या धानाची पोती रचलेली होती. ती एका पोत्यावर चढली, तिथून दुसऱ्यावर, पायाची बोटं पोत्याच्या शिवणीत रोवून, रोजची वाट असावी तशी. वर जाऊन तिनं हात लांबवला. खुंटीला चष्म्याची दोरी होती आणि तिच्यापुढं बंदूक.

कोणी हललं नाही. वर चढलेल्या लेकराला ओरडायचं नसतं.

चिमी चष्मा घेऊन खाली आली. दौलतभाऊंचा चेहरा मातीसारखा झाला होता. तरी म्हणाले, "बंदुकीले हात नाही लावत ते. मी सांगितलं हाय. हाय ना माय?"

"हौ," चिमी म्हणाली. "हात नाही लावत. मी तिले फक्त बाजूले सरकवतो."

*

त्यानंतर दौलतभाऊंना मी काही बोलले नाही. बोलावं लागलं नाही. त्यांनी वारासिवनीहून लोखंडी पेटी करून आणली, बंदूक आत घातली, काडतुसांची पिशवी मंगलाच्या कपाटात गेली, पेटीला भलंमोठं कुलूप लागलं. मी निरोप पाठवला की चावीही मंगलाकडेच द्या. उलट निरोप आला: "सुनेजवळ चावी द्यायची तं मंग लायसन बी तिच्याच नावानं करा." म्हाताऱ्याचा ताठा. मला त्याचं कौतुकही आहे, राग तर आहेच.

मी मंगलाला विचारलं, "आता बीपी कसं हाय?"

तिनं पायरीवर बसून सगळं सांगितलं. चिमीच्या हाती लागू नये म्हणून दौलतभाऊ, म्हणजे तिचे आबा, चावी लपवतात. एक दिवस तांदळाच्या डब्यात, एक दिवस देवाच्या फोटोमागं, एक दिवस तुळशीच्या कुंडीत. लपवतात आणि विसरतात. अलीकडे फार विसरतात. तंबाखू विसरतात, जेवले की नाही ते विसरतात. आणि या घरात आबाची हरवलेली वस्तू शोधून द्यायचं काम पहिल्यापासून एकाच माणसाचं. सकाळी उठून ते हाक मारतात, "माय, चावी कुठी ठेवली वं मी?" चिमी दात घासता घासता सांगते, "तुळशीत."

"काकू," मंगला म्हणाली, "चिमीपासून लपवलेली चावी कुठी हाय, हे घरात फक्त चिमीले माहीत असते."

गफूर मिस्त्री तेव्हा हसले नाहीत.

*

उशिराचं धान कापणीला आलं होतं. एका दुपारी दुकानासमोर छोटा हत्ती टेम्पो थांबला. दौलतभाऊ उतरले, मागून ड्रायव्हरनं पेटी उतरवली. चिमी आपणहून पायरीवर बसली. आत यायचं नसतं हे तिला माहीत होतं.

"वहिनी, चावी हरवली," दौलतभाऊ म्हणाले. "सारं घर पालथं घातलं. गफूरभाईले सांगा, कुलूप तोडून द्या. डुकरांनी वावर खाल्लं माह्यं."

गफूर मिस्त्रींनी पेटी पुढं ओढली, छिन्नी लावली, हातोडा उचलला.

पायरीवरून आवाज आला, "हरवली नाही. मी ठेवली हाय."

हातोडा वरच राहिला. दौलतभाऊ वळले. "तू? कुठी ठेवली वं?"

मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले. पेपरमिंट दिली. तिनं घेतली, खाल्ली नाही, मुठीत धरून ठेवली.

"काहून लपवली, बाई?"

"आबानंच सांगितलं."

"काय सांगितलं आबानं?"

"ज्याले समजत नाही, त्याच्या हाती बंदूक लागू द्यायची नाही."

"मंग आबाले तं समजते."

तिनं नाही म्हणून मान हलवली. आबाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली, पण दुकान केवढं ते. सगळ्यांना ऐकू गेलं.

"परवा बांधावर आपला गोऱ्हा उभा होता. आबा म्हणे, डुक्कर हाय, बंदूक काढतो. मी म्हटलं, आबा, गोऱ्हा हाय. आबा म्हणे, नाही, डुक्करच हाय." ती थांबली. "मंग मी चावी दुसरीकडे ठेवली."

गफूर मिस्त्रींनी हातोडा आवाज न करता खाली ठेवला. दौलतभाऊ उंबऱ्यात उभे होते. मला वाटलं, आता हे तिच्यावर ओरडतील, आणि ओरडले तर मी काय करायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

ते आले आणि गुडघ्यावर हात टेकत तिच्या दुसऱ्या बाजूला पायरीवर बसले.

"बरं केलं, माय," म्हणाले. मग मागं न पाहता मला म्हणाले, "पेटी तुमच्याजवळ राहू द्या, वहिनी. कायमची."

मी हौ म्हटलं.

मग ते तिच्याकडे झुकले. "पण चावी कुठी ठेवली, ते तं सांग मले."

चिमीनं त्यांच्याकडे पाहिलं, मुठीतली पेपरमिंट त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "सांगून काय फायदा, आबा? तू विसरशील."